स्वयंपाकघरातला बॉयलर



कामगार संघटनेत आयुष्य घालवलेला माणूस कुकरवर बोलणार, हे पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना गंमत वाटली असेल. संयोजकांनाही वाटली. मी बोनसवर किंवा किमान वेतनावर बोलेन, अशी त्यांची अपेक्षा होती. मी म्हटले, विषय तोच ठेवतो, फक्त कारखाना बदलतो. माझे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे सारे शिक्षण वाचनालयात आणि बॉयलरच्या खोलीत झाले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा कृपा करून ठेवू नये.

माझी आई याच सदाशिव पेठेत चार घरी स्वयंपाकाला जात असे. आम्ही एका वाड्याच्या मागच्या अंगाला एका खोलीत राहत होतो. खोलीत वातीचा स्टो होता आणि रॉकेल रेशनवर मिळे. रांगेत डबा ठेवण्याचे काम माझ्याकडे असे. डबा रांगेत आणि मी गोट्यांत. कुकर मी पहिल्यांदा पाहिला तो आईच्या कामाच्या एका घरी. शिट्टी झाली की मी दचकत असे आणि आई बोटांवर शिट्ट्या मोजत असे. त्या घरात गॅस आणि कुकर आल्याला महिना झाला असेल नसेल, घरच्या बाईंनी आईला सांगितले, "आता वरणभाताला तुमचा वेळ मोडत नाही, तेव्हा पगारात पाच रुपये कमी करू." बाई वाईट नव्हत्या. दिवाळीला मला सदरा शिवत असत. त्यांना हिशेब सरळ वाटला, एवढेच.

आता तो हिशेब मांडून पाहू. पोळ्या पूर्वीइतक्याच होत्या, भाजी चिरणे पूर्वीइतकेच होते. उलट कुकरचे तीन डबे, झाकण आणि रिंग ही भांडी घासायला वाढली. वाचलेल्या अर्ध्या तासात आईने तांदूळ निवडून ठेवावेत, असेही ठरले. काम तेवढेच राहिले, पगार मात्र उतरला. पुढे मी कामगार चळवळीत आल्यावर मुंबईच्या गिरण्यांतल्या १९२८ च्या मोठ्या संपाविषयी वाचले. एका कामगाराने पूर्वीपेक्षा जास्त माग सांभाळावेत, या मालकांच्या योजनेला विरोध हे त्या संपाचे एक मुख्य कारण होते. ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे माग आले नाहीत. कुकरचे तीन डबे आले.

१९८० साली याच पुण्यात मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. आई त्यात गेली नाही. "मी स्वयंपाकीण आहे, मोलकरीण नव्हे," असे ती म्हणाली. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो, मला ते बरोबरच वाटले. अशा भिंती पाडण्यातच पुढे माझी उमेदीची वर्षे गेली, पण आईची भिंत मला कधी पाडता आली नाही.

आता थोडे यंत्राविषयी. दनी पापँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १६७९ साली लंडनमध्ये घट्ट झाकणाचे एक भांडे तयार केले. त्यात हाडेसुद्धा मऊ शिजत. भांडे फुटू नये म्हणून त्याने त्यावर वजन टांगलेल्या दांडीचा व्हॉल्व्ह बसवला. पुढे १६९० मध्ये वाफेच्या साहाय्याने दट्ट्या हलवण्याची कल्पनाही याच माणसाने मांडली. म्हणजे कारखान्यातले वाफेचे यंत्र हे नात्याने कुकरचे धाकटे भावंड आहे! आपल्याकडे कलकत्त्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये इकमिक कुकर काढला. कोळशाच्या धगीवर वाफेने एकावर एक डबे शिजत. तो गरीब स्वभावाचा होता, त्यात दाब नव्हता. दाबाचे कुकर देशात बनू लागले ते १९५९ च्या सुमारास. हॉकिन्स आणि प्रेस्टिज ही दोन्ही नावे त्याच सालची.

दाब म्हणजे काय, ते घरातल्या भाषेत सांगतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, म्हणून येथे उघड्या पातेल्यातले पाणी अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते. कुकरात ते सुमारे एकशेवीस अंशांपर्यंत जाते, म्हणून तूरडाळ लवकर शिजते. त्यासाठी आत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो जादा दाब लागतो. अठरा सेंटिमीटर व्यासाचे झाकण घ्या. त्याचे क्षेत्रफळ अडीचशे चौरस सेंटिमीटरांहून थोडे अधिक भरते. म्हणजे आमटीसाठी डाळ शिजते आहे तोवर ते झाकण अडीच क्विंटलांच्या जोराने वर ढकलले जात असते. ज्वारीची अडीच पोती! हे गणित मी बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेसाठी शिकलो, आणि घरच्या कुकराला ते लावून पाहायचे मला पंधरा वर्षे सुचले नाही.

ते कसे सुचले, ती हकीकत माझ्या मोठेपणाची नाही.

मी ज्या कारखान्यात बॉयलरवर होतो, तेथे एकदा सेफ्टी व्हॉल्व्हच्या दांडीवर कोणीतरी लोखंडाचा जादा तुकडा टांगलेला मला आढळला. वाफ फुकट जाऊ नये, हा उद्देश. मी आग ओढून घेतली, सर्वांना बाहेर काढले. तुकडा उतरेपर्यंत आम्ही दोन पाळ्या आत गेलो नाही. माझ्या पुढारीपणाची सुरुवात ती.

त्याच वर्षी आमच्या कुकरातले पाणी आटून झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह गेला. त्यात लवकर वितळणाऱ्या धातूचा गोळा असतो. भांडे कोरडे तापले की तो वितळतो आणि वाफेला वाट देतो. बॉयलरातही असाच प्लग असतो, मला तो चांगला ठाऊक होता. त्या दिवशी रविवार होता, दुकाने बंद, घरी पाहुणे. मी त्या भोकात वॉशर घालून एक स्क्रू पिळला. पत्नीला म्हणालो, "तात्पुरता आहे." तो तात्पुरता स्क्रू आठ महिने राहिला. मधे पत्नीने तीनदा आठवण केली. पण मला सभा होत्या.

एके सकाळी डाळीच्या फेसाने शिट्टीची नळी बुजली. शिट्टी होईना म्हणून ती गॅस बारीक करायला गेली आणि झाकण उडाले. छताला जाऊन आपटले. तिचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. चेहरा वाचला तो केवळ मुलीने हाक मारली आणि तिने मान वळवली म्हणून. दवाखान्यात ती एकच वाक्य बोलली : "कारखान्यातला तुकडा तुम्ही काढवलात, मग घरचा कोणी काढायचा?" ती चिडून बोलली नव्हती, खरोखरच विचारत होती. मला उत्तर देता आले नाही.

आपल्याकडे १९२३ पासून बॉयलरचा कायदा होता, २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा आला. तपासणी, दाखला, परवानाधारक माणूस हे सारे त्यात आहे. कायद्याच्या व्याख्येतून पंचवीस लिटरांहून लहान भांडे वगळले आहे, आणि ते समजण्यासारखेही आहे. घरोघर निरीक्षक कसा पाठवणार? घरगुती कुकरला भारतीय मानकाची खूण सक्तीची झाली ती १ फेब्रुवारी २०२१ पासून. पण ती खूण कारखान्यातून निघालेल्या कुकरची. पुढे त्यात कोण कसला स्क्रू पिळतो, ते ती सांगू शकत नाही. व्हॉल्व्ह त्याच कंपनीचा घ्यावा. डाळ निम्म्या भांड्याच्या वर भरू नये. नळीतून उजेड दिसतो का, ते रोज पाहावे. आणि हे पाहण्याचे काम पुरुषांनी करावे, कारण निदान स्क्रू तरी आपणच पिळतो.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी जी रविवारची सुट्टी मागितली ती १८९० मध्ये मिळाली. आम्ही दरवर्षी त्यावर भाषणे करतो. पण रविवारी सर्व मंडळी घरी असतात, म्हणून स्वयंपाकघरात त्या दिवशी जादा पाळी असते. भारत सरकारने २०१९ मध्ये लोकांच्या वेळेची पाहणी केली. त्यात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाचा वेळ सरासरी २९९ मिनिटे निघाला आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७. मिक्सर, गॅस, विजेची शेगडी हे सारे आल्यानंतरचा हा आकडा आहे. वाचलेली मिनिटे कोणाच्या खात्यावर जमा झाली, ते माझ्या आईने तुम्हांला सांगितले असते.

हल्ली मी घरकाम करणाऱ्या बायकांच्या बैठकांना जातो. महाराष्ट्रात त्यांच्यासाठी २००८ मध्ये कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्याचे अर्ज भरून देणे हे माझे सध्याचे काम. परवा अर्ज भरताना एका बाईंनी ओळखपत्र काढण्यासाठी पिशवी पालथी केली, तर त्यात स्टोची पिन निघाली. मी म्हटले, "अहो, स्टो जाऊन किती वर्षे झाली!" त्या म्हणाल्या, "चार घरचे चार कुकर आहेत, दादा. एकाही घरी नळी साफ करायला काही नसतं. म्हणून माझी मीच बाळगते." आणि पिन पुन्हा पिशवीत टाकून त्यांनी अंगठा पुढे केला.