मातीचे सुख आणि आपला चाक
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संमेलनात बोलावयास उभे राहिले म्हणजे शिक्षण, वसतिगृह आणि वधूवर-परिचय या तीन विषयांपलीकडे सहसा कोणी जात नाही. आज आम्ही आपले लक्ष निराळ्याच गोष्टीकडे वेधू इच्छितो. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतून मातीकामाचे स्टुडिओ निघाले आहेत. तेथे डॉक्टर, वकील, दिवसभर संगणकापुढे बसणारी तरुण मंडळी फी भरून येतात, तासदोन तास चाकावर बसतात आणि मन शांत झाले म्हणून समाधानाने घरी जातात. ज्या चिखलावरून आपल्या मुलांना शाळेत चिडविले गेले, तोच चिखल आता पैसे मोजून हाताला लावून घेतला जातो. ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

त्यांचे म्हणणे खोटे नव्हे. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठातील संशोधकांनी ३९ प्रौढ व्यक्तींना ४५ मिनिटे रंग, चिकटकाम किंवा माती यांत रमू दिले आणि आधी व नंतर त्यांच्या लाळेतील कॉर्टिसोल, म्हणजे ताणाबरोबर वाढणारे द्रव्य, मोजले. सुमारे ७५ टक्के लोकांत ते घटलेले आढळले. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. प्रयोग लहान होता, तुलनेस दुसरा गट नव्हता. तेव्हा एवढ्यावरून मातीस औषध ठरविणे उतावीळपणाचे होईल. परंतु चाकावर बसणाऱ्यास हे निराळे सांगावयास नकोच. गोळा मध्यावर आणताना दोन्ही हात ओले आणि गुंतलेले असतात, मन क्षणभर दुसरीकडे गेले की भांडे डगमगते. अशा वेळी टेलिफोन वाजला तरी उचलता येत नाही, हेही काही कमी सुख नव्हे!

मग हे सुख आपल्या घरांत का दिसत नाही? लीद आणि राख मिसळून माती तुडविणारी, थापीने मडकी ठोकणारी माउली रात्री कंबर धरून बसते. आवा लावावा आणि अवकाळी पाऊस यावा, म्हणजे महिन्याची कमाई जाते. माती तीच, चाक तोच. पण एकाचे भांडे बिघडले तर तो हसतो, दुसऱ्याचे बिघडले तर चूल थंडावते. गोरोबाकाकांचे चिखल तुडविताना भान हरपले, ही कथा आपण भक्तिभावाने ऐकतो. त्या तन्मयतेस किती भारी किंमत मोजावी लागली, हेही त्याच कथेत सांगितले आहे.

हे स्टुडिओ स्वतःस निसर्गस्नेही म्हणवितात. ते तपासून घ्यावे. कच्चे भांडे मोडले तर पाण्यात भिजवून त्याची पुन्हा माती होते. परंतु भट्टीत सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यावर मातीच्या घटनेतील पाणी निघून जाते आणि मग ती पुन्हा पूर्वीची माती होत नाही. म्हणूनच उत्खननात हजारो वर्षांची खापरे सापडतात. तेव्हा खरी काटकसर भाजण्यापूर्वीच व्हावयास हवी. शिकाऊ हाताचे प्रत्येक वेडेवाकडे भांडे भट्टीत घालणे हा निव्वळ इंधनाचा अपव्यय आहे. चकचकीत दगडी भांड्यांस १२०० अंशांहून अधिक उष्णता लागते. आपल्या पणतीस, मडक्यास त्याहून पुष्कळ कमी. मात्र आपणही फुशारकी मारू नये. उघड्या आव्यातील बरीच उष्णता हवेत जाते, आणि चिंध्या, टाकाऊ वस्तू जाळल्या की तो धूर प्रथम आपल्याच मुलांच्या छातीत जातो. वाळलेल्या मातीची धूळही तशीच घातक. जमीन झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. ही शिस्त चांगल्या स्टुडिओंत असते, ती आपल्या ओसरीवरही यावी.

नव्या वाटा पूर्वीही निघाल्या. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीच्या ग्रामोदय संघाने कुंभारकामास नवे तंत्र दिले. पाँडिचेरीस १९७१ साली रे मीकर आणि डेबोरा स्मिथ या अमेरिकन दांपत्याने गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. देशातील अनेक नामांकित मृत्तिकाकलावंत तेथे शिकले. परक्या देशांतून आलेली माणसे जर येथे गुरू होतात, तर पिढ्यान् पिढ्या चाक फिरविणाऱ्याने स्टुडिओत केवळ माती मळण्याच्या रोजावर का राहावे? आम्ही पाहिलेल्या एका स्टुडिओत अशीच स्थिती होती. शिकविणाऱ्या बाईंची बोटे चाकावर अडखळत होती, आणि मळणारा गडी कोपऱ्यातून मुकाट्याने पाहत होता.

म्हणून कार्यकारिणीपुढे आमची सूचना अशी. सभागृहामागील पडवीत चार-पाच चाक मांडावेत. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने २०१८ पासून विजेचे चाक देण्याची योजना चालविली. २०२३ च्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतही कुंभारकामाचा समावेश झाला. या दोहोंची चौकशी चिटणीसांनी करावी. शिक्षक आपलेच असावेत, त्यांत भगिनीही असाव्यात, आणि फीचा मोठा वाटा शिकविणाऱ्याच्याच हाती पडावा. समाजातील मुलांस फी नसावी. ज्यांना शिकविण्याची इच्छा असेल त्यांनी भोजनापूर्वी आपली नावे चिटणीसांकडे नोंदवावीत.