जाळं कुणाचं, गिऱ्हाईक कुणाचं?

(पहिल्या पिढीच्या पदवीधर तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा लिखित मजकूर)



मला दिलेला विषय आहे 'धंद्याच्या जाहिरातीसाठी वेगवेगळ्या सोशल नेटवर्कचा वापर'. रील किती सेकंदांचं असावं, पोस्ट किती वाजता टाकावी, हे सांगणारे हजारो व्हिडिओ यूट्यूबवर आहेत. मी समाजशास्त्रात पीएचडी करते. म्हणून मी 'सोशल नेटवर्क' या शब्दाच्या जुन्या अर्थापासून सुरुवात करणार आहे. सोशल नेटवर्क म्हणजे माणसांचं जाळं. कोण कुणाला ओळखतं, कोण कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवतं, कोण कुणाच्या हातचं खातं. हे जाळं आपल्या देशात मोबाईलच्या फार आधी विणलं गेलं आहे. त्याचं नाव जात.

आपल्यापैकी अनेकांच्या घरात पदवी पहिल्यांदाच आली आहे. भरतीची जाहिरात निघत नाही, निघाली तर परीक्षा होत नाही, झाली तर निकाल लागत नाही. मग कुणी मसाले विकतं, कुणी शिकवणी घेतं, कुणी चपला विकतं. भांडवल म्हणून हातात एक मोबाईल असतो. 'चांगला माल बनवा, पोस्ट टाका, गिऱ्हाईक येईल,' असं आपल्याला सांगितलं जातं. हे पूर्ण खरं नाही, आणि त्याची साक्ष आपल्याच इतिहासात आहे.

१९१७ मध्ये परदेशातून परतल्यानंतर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर-व्यवहाराचा सल्ला देणारी पेढी काढली होती. अर्थशास्त्रात त्यांच्या तोडीचा माणूस त्या बाजारात कोण होता? पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक येईनासं झालं आणि पेढी बंद पडली. मालात खोट नव्हती, जाळं आड आलं.

आता कोल्हापूरला या. गंगाराम कांबळे यांनी तिथे सत्यसुधारक हॉटेल काढलं. महाराच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? तेव्हा शाहू महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा घेऊ लागले आणि सोबतच्या सवर्ण मंडळींनाही पाजू लागले. आजच्या भाषेत याला 'इन्फ्लुएन्सर मार्केटिंग' म्हणतील. महाराजांनी आपली पत त्या कपाच्या मागे उभी केली आणि एका जाळ्यातलं गिऱ्हाईक दुसऱ्या जाळ्यातल्या दुकानात आणलं. जाहिरातीचं खरं काम हेच आहे.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये मांडलं की, नोकरीची नवी बातमी जवळच्या माणसांपेक्षा लांबच्या ओळखीतून जास्त येते. कारण जवळच्या माणसांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. आपल्याकडे लांबची ओळख जातीची भिंत ओलांडून सहसा जात नाही. एवढं लक्षात ठेवून एकेक ॲप पाहू.

पहिलं व्हॉट्सॲप. त्याच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज जातो. माझी आई बचत गटातून काळा मसाला विकते. तिच्या यादीत वस्तीतल्या बायका, नातेवाईक आणि विहारातल्या ओळखीच्या आहेत. विश्वास पक्का, पण सगळ्यांचा पगार एकाच आठवड्यात संपतो, म्हणून उधारीही पक्की. तोच मसाला विकणाऱ्या सवर्ण घरातल्या बाईच्या यादीत सोसायटीचा ग्रुप, बँकेतले अधिकारी आणि परदेशातला भाचा असतो. ॲप एकच, फुकटच. दोघींची कमाई मात्र एक होत नाही.

म्हणून आपलं जाळं दुबळं आहे असं समजू नका. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांची केवढी विक्री होते, ते आठवा. ज्या वाचकाला मोठी प्रकाशनं गिऱ्हाईक मानत नव्हती, त्याने स्वतःचा बाजार उभा केला. घट्ट जाळं धंदा सुरू करायला उपयोगी पडतं. तो वाढवायला मात्र बाहेरचं गिऱ्हाईक लागतं.

बाहेरचं गिऱ्हाईक आणायला इन्स्टाग्राम आणि फेसबुक आहेत. तिथे अनोळखी माणूस तुमचा माल पाहतो. पण व्यवहाराच्या क्षणी आडनाव पुढे येतंच. यूपीआयने पैसे पाठवताना बँक खात्यावरचं नाव समोरच्याला दिसतं. खाण्याच्या पदार्थांत तर हा प्रश्न फार टोकदार होतो. चंद्रभान प्रसाद यांनी २०१६ मध्ये 'दलित फूड्स' या नावानेच मसाले आणि लोणची ऑनलाइन विकायला काढली. मुंबईत सुधीर राजभर यांनी शिवी म्हणून वापरला जाणारा शब्द 'चमार स्टुडिओ' या नावात अभिमानाने लावला. दोघांनी नाव उघड केलं. दुसरीकडे नाव झाकून धंदा करणारेही खूप आहेत, आणि मी त्यांना भित्रं म्हणणार नाही. ज्याच्या घरात महिन्याचा किराणा त्याच धंद्यातून येतो, त्याने किती उघड व्हायचं ते त्यालाच ठरवू द्या. फक्त हा निर्णय आहे हे ओळखून घ्या, नकळत घेऊ नका.

आता पुन्हा कोल्हापूर. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. सोशल मीडियावर लोक संतापले, तेव्हा कंपनीला मूळ मान्य करावं लागलं. डिसेंबरमध्ये लिडकॉम आणि लिडकर या महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. २,००० जोड, किंमत सुमारे ८०० युरो. म्हणजे नेटवर्कचा दबाव चालतो, हे सिद्ध झालं.

पण त्या महिन्यांतल्या पोस्ट आठवा. 'आपली संस्कृती', 'महाराष्ट्राचा अभिमान'. कातडं कमावणारे ढोर आणि चप्पल शिवणारे चांभार त्या अभिमानात कुठे होते? बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कातडं कमावताना ज्या वासामुळे माणसांना गावाबाहेर ठेवलं, तो वास पोस्टमध्ये येत नाही. वेणी घालणाऱ्या बाईचे हातही दिसत नाहीत. २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चार-चार जिल्ह्यांसाठी कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण बहुतेक गिऱ्हाइकाला दुकानाचं नाव ठाऊक असतं, कारागिराचं नाही. २०२५ मध्येच लिडकॉमने चपलेवर क्यूआर कोड आणला. तो स्कॅन केला की बनवणाऱ्याचं नाव आणि जागा कळते. मला हे पाऊल महत्त्वाचं वाटतं, कारण गाजणं आणि कमावणं यांच्यामध्ये हाच प्रश्न उभा असतो की गिऱ्हाईक कुणाला ओळखतं.

म्हणून चार गोष्टी सांगते.

एक, प्रत्येक ॲपला त्याचं काम द्या. ओळख इन्स्टाग्रामवर, पुन्हा पुन्हा येणारं गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये मालाची यादी किमतीसकट लावा. 'किंमत इनबॉक्समध्ये' असं लिहिलं की लाजाळू गिऱ्हाईक परत जातं.

दोन, गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर स्वतःच्या वहीत ठेवा, अर्थात त्यांना विचारून. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली आणि खेड्यापाड्यातल्या कितीतरी बहुजन पोरांचे लाखो फॉलोअर एका रात्रीत गेले. ॲप म्हणजे भाड्याचा गाळा. मालक कधीही कुलूप लावू शकतो.

तीन, बनवणाऱ्याचं नाव आणि मेहनत दाखवा. त्याची परवानगी घ्या, त्याला भाव द्या. आपणही दलाल झालो तर पदवीचा उपयोग काय?

चार, एकमेकांच्या कपाच्या मागे उभे राहा. इथल्या कुणाला तरी उद्या बँकेत, कॉलेजात, कचेरीत नोकरी लागेल. तिथल्या सहकाऱ्यांना आपल्या पोराच्या, आपल्या बाईच्या मालाचं नाव सांगा. 'माझ्या ओळखीतला आहे, मी स्वतः वापरते,' हे वाक्य सवर्ण घरांत पिढ्यान् पिढ्या बोललं जातंय, म्हणून त्यांचे धंदे चालतात. आपल्यातली पहिली पिढी आता त्या टेबलाशी बसते आहे. ते वाक्य तिथे म्हणायला पैसे लागत नाहीत.

एवढं करूनही काही गिऱ्हाईक आडनाव वाचून परत जाईल. तो दोष तुमच्या पोस्टचा नाही, हे मात्र पक्कं लक्षात असू द्या. बाबासाहेबांची पेढी बंद पडली तेव्हाही दोष सल्ल्याचा नव्हता.

जय भीम, जय जोती, जय सावित्री.