छत्रीची कडी

हवाई छत्री म्हटली की डोळ्यांपुढे उभा राहतो तो आकाशात फुललेला कापडी घुमट. परंतु त्या घुमटाशी माणसाला जोडून ठेवतात त्या मोजक्या कड्या, बकले आणि दुवे. ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईल येथे दुसऱ्या पॅराशूट पलटणीचे जवान विमानांतून उतरले. या पलटणीचे मूळ बेळगाव हे केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फंट्रीत आहे. त्या दिवशी प्रत्येक जवानाचा भार तळहातावर मावणाऱ्या अशाच धातूच्या तुकड्यांनी तोलला.

बादलीला भोक पडले की डाग द्यावा, खिळा वाकला की ठोकून सरळ करावा, हा आपला घरगुती शहाणपणा. छत्रीच्या बाबतीत मात्र तो घातक ठरतो. वाकलेली पिन सरळ करता येते. पण वाकताना आणि पुन्हा सरळ होताना धातू त्याच जागी थकतो. चिरलेली कडी झाळून सांधता येते. पण त्या आचेने पोलादाला दिलेले पाणी उतरते. म्हणून येथे दुरुस्ती याचा अर्थ बहुधा एकच : जुना तुकडा काढणे आणि त्याच मानाचा नवा बसविणे.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे चकाकी. गंज लागू नये म्हणून या पोलादावर कॅडमियमचा पातळ मुलामा देतात. गंजलेली कडी एखाद्या मुलामेवाल्याकडून उजळून घ्यावी, असे कोणालाही वाटेल. परंतु आम्लात धुताना व मुलामा चढविताना हायड्रोजन वायू कठीण पोलादात शिरतो. तो बाहेर पडावा म्हणून कडी नंतर सुमारे १९० अंश सेंटिग्रेडला काही तास तापवत ठेवावी लागते. हे टाळले तर कडी नव्यासारखी झळकते आणि पुढे भार येताच पूर्वसूचना न देता तडकते.

डोळ्यांना न दिसणारी चीर शोधण्यासाठी पोलादी तुकड्यात चुंबकत्व आणून त्यावर लोहकण सोडतात. चिरेच्या रेषेवर ते गोळा होतात. बक्कल बदलायचे तर पट्ट्याची शिवण उसवून, मूळच्याच नमुन्याने व दोऱ्याने पुन्हा घालावी लागते. दोऱ्यांना जोडणाऱ्या मळसूत्री दुव्याची चाकी हाताने आवळून वर पान्याने पाव फेरा देणे पुरते. त्याहून अधिक जोर लावल्यास चाकीच तडकू शकते.

अमेरिकेत या कारागिरांच्या दोन पायऱ्या आहेत. किरकोळ दुरुस्ती धाकट्या पायरीच्या कारागिराने करावी. पट्ट्यात शिवलेले बक्कल बदलण्यासारखी मोठी दुरुस्ती मात्र वरच्या पायरीच्याच कारागिराने करावी, असा तेथील नियम आहे. प्रत्येकाला स्वतःच्या खुणेची मोहर असते आणि बांधलेल्या राखीव छत्रीवर ती उमटते. उडी घेणारा त्या कारागिराला बहुधा ओळखतही नाही. त्याच्या हाती असते ती केवळ ती खूण. म्हणूनच संशयास्पद कडी बाजूला टाकताना तिची किंमत मोजायची नसते.