आठ जिल्ह्यांची कोल्हापुरी



कोल्हापूरच्या चप्पल लाईनवर तुम्ही कधीतरी गेलाच असाल.
करकर वाजणारी जोडी पायात घालून पाहिली असेल.

पण ही कोल्हापुरी एकट्या कोल्हापूरची नाही.
ती आठ जिल्ह्यांची आहे.

आपल्याकडचे चार… कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर.
कर्नाटकातले चार… बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर.

2019 मध्ये या आठ जिल्ह्यांना मिळून भौगोलिक मानांकन मिळालं.
त्यासाठी दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळं एकत्र आली.
सीमाप्रश्नावर या दोन राज्यांचं पटत नाही.
चपलेवर मात्र पटलं!

आणि ते रास्तच झालं.
कारण हा धंदा सीमा मानत नाही.
कर्नाटकातल्या अथणी, निपाणीकडचे कारागीर चपला शिवतात… आणि कोल्हापूरच्या पेठेत त्या खपतात.
हिरडा आणि बाभळीच्या सालीत कातडं कमावलं जातं.
तळ शिवायचा तो चामड्याच्याच वादीनं.
अस्सल जोडीत खिळा नसतो.
पट्ट्यावरची नाजूक वेणी बहुतेक घरांत बायका घालतात.
त्यांच्या हातात दाम मात्र कमी पडतो.

2025 मध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं अशाच चपला मिलानमध्ये दाखवल्या.
सुरुवातीला कोल्हापूरचं नाव घेतलं नाही.
इथून ओरड झाली, तेव्हा कंपनीनं मूळ मान्य केलं.

मानांकन आठ जिल्ह्यांच्या अस्सल जोडीला आहे, श्रोतेहो.
म्हणून पुढच्या खरेदीला जोडी उलटी करून पाहा.
शिवण वादीची आहे का, दुकानदाराला विचारा.
आणि कारागिराशी फार घासाघीस करू नका.