डेमलोची संख्या

(सोलापुरात शिक्षक-पालकांसमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री सोलापूर सोडणारा प्रवासी मुंबई गाठण्यापूर्वी डोंबिवली स्थानकावरून जातो. जी.आय.पी. रेल्वेच्या काळी या स्थानकाला डेमलो म्हणत. तेथे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना एका संख्यासमूहाची कल्पना सुचली आणि त्यांनी त्या संख्यांना 'डेमलो संख्या' हेच नाव दिले.

त्यांपैकी एक पाहा : १२३४५६७८९८७६५४३२१. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त परार्धापर्यंत अठरा स्थाने दिली आहेत. ही संख्या सतराव्या, म्हणजे 'मध्य' या स्थानापर्यंत पोहोचते. तिचे वर्गमूळ १११११११११. मधला ९ वगळून डावीकडील आठ व उजवीकडील आठ अंकांच्या संख्यांची बेरीज केली, तर ९९९९९९९९ येते. सर्व अंकांची बेरीज ८१, म्हणजे नवाचा वर्ग!

हा दैवी चमत्कार मानून हात जोडणे सोपे आहे. कापरेकरांचा मार्ग वेगळा होता. गुणाकार मांडून पाहावा. नऊ एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकलेली. उभ्या बेरजा १, २, ३ अशा चढत ९ पर्यंत जातात आणि तशाच उतरतात. कोठेही हातचा येत नाही, हेच रहस्य! दहा एक घेतले की मधल्या घरात १० होतात, हातचा सरकतो आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. डौल मोडतो, पण तो का मोडला हे ज्याला उमगले, त्यालाच तो डौल खरा कळला.

१९०५ साली डहाणूत जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीत शालेय शिक्षक होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठाचे आसन नाही. ६१७४ या संख्येचा गुणधर्म त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. येथील अनेक विद्वानांनी त्यांचे काम क्षुल्लक ठरविले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर झाले. घरच्या गुणवंताची ओळख परक्याने करून द्यावी, हे आपल्या समाजाला भूषणावह नव्हे.

मात्र नुसत्या अभिमानाने हे ऋण फिटणार नाही. गणितात थोरांच्या नावालाही सूट नाही. प्रत्येक दावा पडताळावाच लागतो. म्हणून आज घरी गेल्यावर मुलांच्या हाती कागद द्या आणि नऊ एकांचा वर्ग करायला सांगा. नंतर दहा एकांचा. उत्तर मात्र आधी सांगू नका. कापरेकर गुरुजींचे याहून उचित स्मरण कोणते?