यंत्राची मोजणी आणि नागरिकांचा हिशेब

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी ‘तंत्रज्ञानाधिष्ठित शहरे आणि नागरिकांचे कर्तव्य’ या विषयावर विचार मांडण्याची संधी मला दिल्याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे. मी अभियंता नाही, नगररचनाकारही नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन पेढीवर बसलेला मी एक कापड व्यापारी आहे. साहजिकच या विषयाकडे मी हिशेबाच्या दृष्टीने पाहणार आहे.

केंद्र शासनाने २५ जून २०१५ रोजी स्मार्ट सिटी अभियानास प्रारंभ केला. त्यासाठी देशातील १०० शहरे टप्प्याटप्प्याने निवडण्यात आली. आपल्या राज्यातील पुणे, पिंपरी-चिंचवड, सोलापूर, नाशिक, नागपूर, ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि तेव्हाचे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, ही आठ शहरे त्यांत होती. प्रत्येक शहरास केंद्राने सुमारे ५०० कोटी रुपयांपर्यंत साहाय्य द्यावे आणि तितकाच वाटा राज्य शासन व स्थानिक स्वराज्य संस्था यांनी उचलावा, अशी योजना होती. पाच वर्षांसाठी आखलेले हे अभियान मुदतवाढी घेत घेत ३१ मार्च २०२५ रोजी समाप्त झाले.

या काळात शंभरही शहरांत संगणकीकृत नियंत्रण कक्ष उभे राहिले. चौकाचौकांतील कॅमेरे व सिग्नल यांची माहिती तेथील भिंतभर पडद्यावर दिसू लागली. २०२० साली कोरोनाच्या संकटात अनेक शहरांनी हेच कक्ष मदतकार्यासाठी वापरले. हे ऋण आपण मान्य केलेच पाहिजे.

मात्र अभियान संपले तरी यंत्रे मागे राहिली आहेत. त्यांची दुरुस्ती, वीजबिल आणि देखभाल यांचा भार यापुढे प्रामुख्याने स्थानिक तिजोरीवर, म्हणजे पर्यायाने आपण भरतो त्या करावर पडणार आहे. म्हणून या यंत्रांचा उपयोग कोणास झाला, हे विचारण्याची वेळ आता आली आहे.

मित्रहो, माझ्या दुकानातील मीटरपट्टी कापड अचूक मोजते. परंतु ते कापड कोणाच्या अंगाला हवे आहे आणि कोणाला परवडणार आहे, हे पट्टीला ठाऊक नसते. ते गिऱ्हाईकच सांगते. शहराचेही असेच आहे. पाण्याच्या टाकीची पातळी यंत्र सांगेल, पण शेवटच्या गल्लीतील नळाला पाणी आले की नाही, हे त्या गल्लीतील गृहिणीलाच ठाऊक असते. भ्रमणध्वनीवरील तक्रार ‘निकाली’ निघाली, अशी नोंद संगणक करतो. पण खांबावरचा दिवा खरोखर लागला का, हे रात्री त्या वाटेने जाणाऱ्यालाच दिसते. ती व्यक्ती गप्प राहिली, तर संगणकातील खोटी नोंद खरी ठरते.

आम्हा कापडवाल्यांना सुरत परकी नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये तेथे प्लेगची साथ आली आणि लाखो लोक शहर सोडून गेले. १९९५ मध्ये आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत त्या शहराने कात टाकली. अधिकारी कचेरी सोडून रोज प्रत्यक्ष वस्त्यांत जाऊ लागले. त्या वेळी नियंत्रण कक्षांचे आजच्यासारखे जाळे नव्हते. पुढे सुरतेत कॅमेरे आले, नियंत्रण कक्ष आला आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरबरोबर तिला देशात प्रथम स्थान मिळाले. शिस्तीचा पाया आधी घातला गेला, यंत्रांचा कळस त्यावर नंतर चढला, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

दुसरे उदाहरण पुण्याचे. पुणे महापालिकेने २००६ च्या सुमारास नागरिकांच्या सहभागाने अंदाजपत्रक करण्याची प्रथा सुरू केली. आपल्या प्रभागातील पदपथ, दिवे, बाके अशी छोटी कामे नागरिकांनी सुचवायची आणि अंदाजपत्रकात त्यांची तरतूद व्हायची, अशी ती कल्पना. याउलट स्मार्ट सिटीची कामे प्रत्येक शहरात कंपनी कायद्याखालील स्वतंत्र कंपनीकडे सोपवली गेली. त्यामुळे निर्णयास गती येईल अशी अपेक्षा होती. परंतु मतदाराला ज्याचा दरवाजा ठोठावता येतो, त्या नगरसेवकापासून निर्णय दूर गेले. त्यातच मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेची मुदत संपली आणि २०२५ अखेरपर्यंत कारभार प्रशासकाच्याच हाती राहिला. अशा काळात जाब विचारणारा नागरिक नसेल, तर विचारणार कोण?

मग आपण काय करावे? घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली आहे. त्यांच्या कामकाजाकडे लक्ष ठेवावे. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे. मोठा खर्च झाला, तर करार आणि देखभालीचा खर्च यांची माहिती मागावी. चौकातील कॅमेऱ्याचे चित्रण किती दिवस ठेवतात आणि ते कोण पाहतो, हेही विचारावे. आपल्या लेकीसुना त्याच चौकातून ये-जा करतात. आणि ज्यांना भ्रमणध्वनीवर अर्ज भरता येत नाही, ते वृद्ध शेजारी, भाजीवाल्या, हमाल यांची तक्रार आपल्या घरातील तरुणांनी नोंदवून द्यावी. ज्याला यंत्र वापरता येत नाही, तो यंत्राच्या लेखी नसतोच. ही गोष्ट मला सर्वांत अधिक अस्वस्थ करते.

अर्थात जाब विचारणाऱ्याचे स्वतःचे खाते आधी स्वच्छ हवे. कर वेळेवर भरावा, ओला व सुका कचरा वेगळा द्यावा आणि दुकानाची पायरी पदपथावर येऊ देऊ नये. हे शेवटचे आम्हा व्यापाऱ्यांना विशेष लागू आहे.

आपल्या न्यासाचा ताळेबंद सभेत वाचला जातो, तेव्हा आपण एकेका रकमेचा खुलासा मागतो. त्यात अविश्वास नसतो, आपलेपणा असतो. तोच आपलेपणा शहराच्या ताळेबंदाविषयी दाखवावा, एवढीच विनंती करतो आणि आपली रजा घेतो.