घरच्या पेटीतील तंजावर



तंजावरचे नाव निघाले की आपणा मराठी माणसांस सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. सरफोजीराजांनी वाढविलेला तो संग्रह 1918 साली सर्वांसाठी खुला झाला आणि तेथील मोडी कागद व ताडपत्रे आज सरकारी निगराणीत आहेत. परंतु व्यंकोजीराजांच्या काळापासून कावेरीकाठी रुजलेली, राज्य 1855 साली गेल्यावरही घरोघर टिकलेली तंजावरी मराठी या कपाटांत मावणारी नव्हे. आजीच्या बोलण्यातील तमिळमिश्रित लकब, मंगळागौरीची गाणी, आजोबांचे कीर्तन हे सारे सापडले तर जुन्या फितींतच सापडते. आता नातवंडे या फिती आणि लग्नाची छायाचित्रे संगणकात उतरवून घरातील एका लहानशा साठवणपेटीत ठेवू लागली आहेत. ही पेटी राउटरला जोडलेली असते, आणि तिच्या रक्षणासाठी कोणी पहारेकरी नेमलेला नसतो.

धोका बहुधा प्रेमापोटी शिरतो. बंगळूरच्या मुलीला, अमेरिकेतल्या भाच्याला तो आवाज ऐकावासा वाटतो. म्हणून कोणी जाणता तरुण राउटरमधून पेटीपर्यंत थेट वाट मोकळी करून देतो. ही वाट केवळ भाच्यालाच दिसते असे नाही. जगभरच्या जाळ्यावरील पत्ते एकामागून एक ठोठावीत फिरणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. आपण कोण, आपले गाव कोणते, याच्याशी त्यांना कर्तव्य नसते. जून 2021 मध्ये वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या ‘माय बुक लाइव्ह’ नावाच्या पेट्या बाहेरून आलेल्या आज्ञेने अनेक देशांत कोऱ्या झाल्या. त्यांच्या प्रणालीतील दुरुस्त्या 2015 पासून थांबल्या होत्या; पेट्या मात्र तशाच जाळ्यावर जोडलेल्या होत्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये क्यूनॅप कंपनीच्या पेट्यांतील फायली कुलूपबंद करून चोरांनी खंडणी मागितली होती.

तेव्हा ती थेट वाट प्रथम बंद करावी. काही राउटरांत ‘यूपीएनपी’ नावाची सोय मुळातच चालू असते; तिच्यामुळे घरातले यंत्र मालकाला न विचारता परस्पर दार उघडू शकते. तीही बंद करावी. भाच्याला व्हीपीएनच्या मार्गाने, ओळख पटल्यावरच आत घ्यावे. राउटरचा आणि पेटीचा मूळचा पासवर्ड बदलावा, दोहोंच्या सुधारणा वेळेवर घ्याव्यात आणि ज्या यंत्राला सुधारणा येणे थांबले, ते जाळ्यावरून काढावे. पाहुण्यांच्या फोनसाठी वेगळे वाय-फाय असावे. या प्रदेशातील घरांना ओसरी असते, तिला तमिळमध्ये तिण्णै म्हणतात. वाटसरूला तेथे बसवून पाणी देतात. कोठीघराची किल्ली काही त्याच्या हाती देत नाहीत.

एवढे करूनही एक भ्रम उरतो. पेटीत दोन डिस्क आहेत म्हणजे दोन प्रती झाल्या, अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक एकीवरून पुसलेले दुसरीवरूनही त्याच क्षणी पुसले जाते! खरी प्रत म्हणजे जी नक्कल झाल्यावर तारेवरून सोडवून कपाटात ठेवली, ती. आणि ते कपाटही शक्य तर दुसऱ्या गावी असावे. 16 नोव्हेंबर 2018 रोजी आलेल्या गज चक्रीवादळाने या त्रिभुज प्रदेशातील नारळाच्या बागा आडव्या केल्या, घरांची छपरे नेली, आणि अनेक गावे कित्येक दिवस विजेवाचून राहिली. अशा वेळी पासवर्ड कितीही पक्का असला तरी भिजलेल्या डिस्कला त्याचा काय उपयोग? चेन्नईत वा पुण्यात कोणा आप्ताकडे ठेवलेली प्रत मात्र कोरडी राहते.

ती प्रत वर्षातून एकदा जोडून दोनचार गाणी वाजवून पाहावीत. घरचे वडीलधारे त्या वेळी जवळ असतील तर कोणता आवाज कोणाचा, हेही विचारून लिहून घ्यावे; फायलीच्या नावावरून ते पुढे कोणालाच कळणार नाही.